बेपत्तांच्या जुन्या फायली हौशी शोधकांना द्याव्यात, पण अर्ध्याच

बेपत्ता माणसाचं प्रकरण वीस वर्षं जुनं झालं की त्याला वाली उरत नाही. मूळ तपास अधिकारी निवृत्त झालेला असतो. फाइल या कपाटातून त्या कपाटात फिरलेली असते, आणि ती सध्या ज्याच्या नावावर आहे त्याच्या टेबलावर कालच्या घटनांचा ढीग पडलेला असतो. या रिकाम्या जागेत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हौशी शोधक शिरले. त्यांना येऊ द्यावं की नाही, यावर आता वाद घालण्यात अर्थ नाही. ते आलेत आणि जाणार नाहीत. ठरवायचं आहे ते एवढंच, की त्यांच्या हाती काय द्यायचं. माझं मत असं आहे की फाइलमधला वस्तूंचा, मापांचा आणि ठिकाणांचा भाग सगळ्यांसाठी खुला करावा आणि जिवंत माणसांचा भाग कडेकोट बंद ठेवावा. ज्याला ही अट पाळायची नाही, त्याला या कामापासून लांब ठेवण्यात काही गैर नाही.

हौशी माणसाच्या हातून काय होऊ शकतं, याचं एक जुनं आणि चोख उदाहरण अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं आहे. मे १९६८ मध्ये जॉर्जटाउन गावाजवळ जाड ताडपत्रीत गुंडाळलेला एका तरुणीचा मृतदेह सापडला. ओळख पटली नाही. लोक तिला ‘टेंट गर्ल’ म्हणू लागले. टॉड मॅथ्यूज या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाने पुढे अनेक वर्षं या प्रकरणाचा पिच्छा पुरवला आणि १९९८ मध्ये इंटरनेटवर त्याला एका बहिणीने टाकलेला मजकूर दिसला: तिची बहीण १९६७ च्या अखेरीला त्याच भागातून नाहीशी झाली होती. मृतदेह उकरून डीएनए तपासला गेला आणि ओळख पक्की झाली. यात मॅथ्यूजने कोणालाही खुनी ठरवलं नाही. त्याने दोन वर्णनं एकमेकांशेजारी ठेवली आणि जुळणी पोलिसांकडे नेली.

या प्रकरणातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. सुरुवातीच्या तपासणीत त्या मुलीचं वय १६ ते १९ धरलं गेलं होतं. प्रत्यक्षात ती २४ वर्षांची होती. वयाचा तो आकडा ब्रह्मवाक्य मानून कोणी बेपत्तांची यादी चाळली असती, तर तिचं नाव पहिल्याच फेरीत गळून पडलं असतं.

दुसरं उदाहरण फ्लोरिडातलं. नोव्हेंबर १९९७ मध्ये रात्री घरी निघालेला एक माणूस गाडीसकट नाहीसा झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये वेलिंग्टन इथल्या एका वसाहतीत पूर्वी राहिलेली व्यक्ती गूगल अर्थवर आपला जुना परिसर बघत होती, तेव्हा तळ्याच्या काठालगत पाण्याखाली गाडीसारखा आकार दिसला. तिथे राहणाऱ्याला कळवलं गेलं, त्याने ड्रोन उडवून खात्री केली, मग पोलिसांना फोन गेला. गाडीत त्या माणसाचे अवशेष होते. तो आकार २००७ पासूनच्या उपग्रह छायाचित्रात दिसत होता. म्हणजे बारा वर्षं उत्तर उघड्यावर पडलेलं होतं आणि तिथे बघणारे डोळे नव्हते. असे डोळे पुरवणं हेच हौशी शोधकांचं खरं बळ.

आता उलट बाजू. १५ एप्रिल २०१३ रोजी बॉस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले. संशयितांचे धूसर फोटो बाहेर आल्यावर रेडिट आणि ट्विटरवरच्या लोकांनी त्यातला एक चेहरा ‘ओळखला’: त्याच्या महिनाभर आधी प्रॉव्हिडन्स शहरातून बेपत्ता झालेला एक विद्यार्थी. घरच्यांनी मुलाला शोधण्यासाठी उघडलेल्या फेसबुक पानावर शिव्यांचा पूर आला आणि ते पान बंद करावं लागलं. २३ एप्रिलला त्या मुलाचा मृतदेह नदीत सापडला. स्फोटांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. रेडिटने जाहीर माफी मागितली, पण त्या घराने ते दिवस कसे काढले असतील याची भरपाई माफीने होत नाही.

तिन्ही ठिकाणी माणसं हौशीच होती. फरक पडला तो ती कशाकडे बघत होती त्यामुळे. तळ्यातल्या आकाराबद्दल अंदाज चुकला असता तर पाणबुड्याचा एक दिवस फुकट गेला असता. माणसाबद्दलचा अंदाज चुकतो तेव्हा त्याची नोकरी, त्याचं घर, कधी कधी जीव पणाला लागतो, आणि नाव एकदा इंटरनेटवर चढलं की ते कायमचं. म्हणूनच वस्तूबद्दल दहा चुकीचे अंदाज परवडतात, माणसाबद्दल एकही परवडत नाही. युरोपोल या युरोपीय देशांच्या सामाईक पोलीस यंत्रणेने २०१७ मध्ये बालकांच्या लैंगिक शोषणाच्या तपासासाठी लोकांची मदत मागितली, तेव्हा नेमकं हेच पाहिलं: छायाचित्रातून फक्त पिशवी, पडदा, बाटलीवरचं लेबल अशा वस्तू कापून लोकांसमोर ठेवल्या आणि विचारलं की ही वस्तू कुठे मिळते. ट्रेस लॅब्ज ही संस्था बेपत्तांसाठी शोधस्पर्धा भरवते, तिथेही खुल्या स्रोतांतून फक्त बघायचं असतं. बेपत्ता व्यक्तीशी, तिच्या घरच्यांशी किंवा मित्रांशी संपर्क साधायचा नाही, आणि मिळालेली माहिती थेट तपास यंत्रणेकडे जाते.

यावर नेहमीचं उत्तर येतं: गाजावाजा केल्याशिवाय पोलीस हलत नाहीत. हे खोटं नाही. गाजावाजा जरूर करावा, पण बेपत्ता माणसाच्या चेहऱ्याचा, कपड्यांचा, अंगावरच्या खुणेचा. शेजाऱ्याच्या, नवऱ्याच्या किंवा मित्राच्या नावाचा नव्हे. २०२३ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये लँकेशरच्या एका गावातून नदीकाठी फिरायला गेलेली एक स्त्री नाहीशी झाली, तेव्हा मोबाइल हातात धरून चित्रण करणारे लोक त्या गावात उतरले. गर्दी पांगवण्यासाठी पोलिसांना आदेश काढावा लागला. तीन आठवड्यांनी मृतदेह त्याच नदीत सापडला आणि चौकशीत अपघाताने बुडून मृत्यू असा निष्कर्ष निघाला. तोवर तिच्या जवळच्या माणसांवर नको नको ते आरोप करून झाले होते. पण पोलिसांचीही बाजू स्वच्छ नव्हती. तिच्या प्रकृतीविषयीची खासगी माहिती त्यांनी जाहीर केली, आणि नंतरच्या अधिकृत आढाव्यात ते टाळता येण्यासारखं आणि अनावश्यक होतं असं नोंदवलं गेलं. जे सांगायचं ते वेळेवर सांगितलं नाही आणि जे झाकायचं ते उघडं केलं. अर्धी फाइल उघडी ठेवायची म्हणजे कुठली अर्धी, याचा विचार आधी केलेला नसला की असं होतं.

सगळीच फाइल उघडली तर काय बिघडलं, असंही विचारलं जातं. बिघडतं ते असं. गुन्ह्याचा संशय असेल तर तपास अधिकारी एक-दोन बारीकसे तपशील मुद्दाम स्वतःपाशी ठेवतो: गाठ कशी मारली होती, खिशात काय होतं, दार कुठल्या बाजूने लावलं होतं. वीस वर्षांनी कोणी येऊन कबुली दिली तर ती खरी की खोटी, हे पडताळायला त्याच्याकडे एवढंच साधन असतं. गाजलेल्या प्रकरणांत खोट्या कबुल्या देणारे हमखास येतात. तो तपशील एकदा बाहेर गेला की खऱ्या कबुलीचीही किंमत शून्य.

आता ज्या अर्ध्या भागात हौशी माणसाने खरंच उतरावं, तिथलं काम कसं चालतं ते पाहू. एका बाजूला बेपत्तांची यादी, दुसऱ्या बाजूला अनोळखी मृतदेहांची. जुळवणं सोपं वाटतं आणि तिथेच बहुतेक जण फसतात. मांडीच्या हाडावरून उंची काढली तर सूत्रातच तीन-चार सेंटिमीटरची प्रमाण त्रुटी असते; म्हणजे १६५ चा आकडा दिसला तर दोन्ही बाजूंना त्रुटीच्या दुप्पट जागा सोडून १५८ ते १७२ हा पट्टा धरायला हवा. घरच्यांनी सांगितलेली किंवा ओळखपत्रावरची उंची बरेचदा थोडी वाढवलेली असते, विशेषतः पुरुषांची. जमिनीत राहिलेल्या काळ्या-तपकिरी केसांवर लालसर झाक येऊ शकते, म्हणून ‘लाल केस’ या नोंदीवर कोणाला बाद करू नये. डोळ्यांचा रंगही मृत्यूनंतर बदलू शकतो. प्रौढ माणसाचं वय सांगाड्यावरून सांगताना जितकं वय जास्त तितका अंदाज सैल. आणि मृत्यू कधी झाला हा अंदाज तर सगळ्यांत डळमळीत: ऊन, पाणी, जमिनीतली खोली, प्राणी यांवर तो महिन्यांनी नव्हे, वर्षांनी चुकू शकतो.

या सगळ्या मर्यादा लक्षात घेऊन पट्टे रुंद केले की दुसरं संकट येतं. लिंग तेच, वय दहा वर्षांच्या आत, उंची जवळपास, प्रदेश तोच, एवढ्यावर हजारांच्या यादीतून डझनभर नावं निव्वळ योगायोगाने जुळतात. रेखाचित्रातला चेहरा ‘हुबेहूब’ वाटणं हे तर अजिबात धरू नये. कवटीवरून घडवलेल्या चेहऱ्यात नाकाचं टोक, ओठ, केशरचना हा कलाकाराचा अंदाज असतो. जुळणीला वजन येतं ते वेगळेपणाच्या खुणेने: मोडून वाकडं जुळलेलं हाड, गोंदणाचा नेमका नमुना, शस्त्रक्रियेत बसवलेली प्लेट किंवा कृत्रिम सांधा. सांध्यावर उत्पादकाची खूण आणि क्रमांक असतो आणि पेसमेकरवर तर त्या एकाच यंत्राचा अनुक्रमांक.

दातांबाबत तर्क कसा चालवायचा ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. जिवंतपणी काढलेला दात मृतदेहात असू शकत नाही. बेपत्ता माणसाच्या दंतवैद्याकडच्या तक्त्यात दाढ काढल्याची नोंद आहे आणि मृतदेहात ती जागेवर आहे, तर विषय संपला, ती व्यक्ती बाद. उलटं मात्र चालतं: तक्त्यात दात धडका आहे आणि मृतदेहात त्यात भरण आहे, तर शेवटच्या नोंदीनंतर ते भरून घेतलेलं असू शकतं. म्हणून विसंगती दिसली की पहिला प्रश्न, ती काळाच्या कुठल्या दिशेने आहे? आणि त्याच्याही आधीचा प्रश्न, दातांना क्रमांक कुठल्या पद्धतीने दिलेत? जगात बहुतेक ठिकाणी वापरतात त्या दोन अंकी पद्धतीत १६ म्हणजे वरच्या जबड्यातली उजवीकडची पहिली दाढ. अमेरिकेत चालणाऱ्या १ ते ३२ च्या पद्धतीत १६ म्हणजे वरच्या जबड्यातली डावीकडची अक्कलदाढ. एका देशातला तक्ता दुसऱ्या देशातल्या तक्त्याशी हे न बघता ताडला तर खरी जुळणी कचऱ्यात जाते.

कालरेषा बनवतानाही अशाच बारीक जागा आहेत. ‘शेवटचं पाहिलं’ या एका वाक्याखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात: कोणीतरी पाहिल्याचं सांगितलं ती वेळ, कागदाने किंवा कॅमेऱ्याने सिद्ध झालेली वेळ, आणि तक्रार नोंदवली ती वेळ. तीन रकाने वेगळे ठेवावेत. प्रत्येक वेळेपुढे ती कुठल्या घड्याळाची हे लिहावं. सीसीटीव्हीचं घड्याळ हमखास पुढेमागे असतं. चित्रणात २१:४२ दिसतंय आणि यंत्र सात मिनिटं पुढे आहे, तर खरी वेळ २१:३५, आणि तेवढ्यात माणूस दुसऱ्या बसमध्ये बसलेला असू शकतो. मोबाइलमधून काढलेल्या नोंदी बरेचदा जागतिक प्रमाण वेळेत असतात. ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, तिथे तो एक तास आणखी. मोबाइल टॉवरची नोंद म्हणजे नकाशावरचा ठिपका नव्हे. टॉवरचा एक भाग साधारण १२० अंशांचा पंखा व्यापतो, आणि मोकळ्या माळावर तो पंखा कित्येक किलोमीटर पसरतो. ‘फोन जंगलात होता’ अशी वाक्यं या गैरसमजातून जन्मतात.

बातम्यांचंही तसंच. सात वर्तमानपत्रांनी निळं जॅकेट छापलं म्हणून सात साक्षीदार होत नाहीत. सातही बातम्या मागे मागे नेल्या की बहुधा एकाच वार्ताहराची एकच ओळ हाती लागते, आणि ती ओळ कधी कधी दुसऱ्याच दिवशी दुरुस्त केलेली असते. प्रत्येक तपशिलाचं मूळ शोधून तिथेच थांबायचं. वेब पान जतन करताना पत्ता आणि वेळ टिपून ठेवायची, कारण महिन्याभराने ते पान बदललेलं असतं.

डीएनएच्या वंशावळीचं काम वेगळ्याच तोडीचं आहे. १ डिसेंबर १९४८ रोजी ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडजवळ सॉमर्टन किनाऱ्यावर सापडलेल्या अनोळखी पुरुषाची गोष्ट घ्या. सत्तर वर्षं तो हेर होता, प्रेमभंगाने मेला, अशा कथा रंगल्या. किनाऱ्याजवळ राहणाऱ्या एका परिचारिकेचं आणि तिच्या मुलाचं नाव त्यात गोवलं गेलं. जुलै २०२२ मध्ये डेरेक ॲबट हे प्राध्यापक आणि वंशावळतज्ज्ञ कॉलीन फिट्झपॅट्रिक यांनी मृताच्या चेहऱ्याच्या प्लास्टर साच्यात अडकलेल्या केसांवरून तो १९०५ साली जन्मलेला मेलबर्नचा विद्युत अभियंता असल्याचं जाहीर केलं. पोलिसांनी २०२१ मध्ये स्वतः अवशेष उकरून घेतलेले होते आणि त्यांचं शिक्कामोर्तब या घोषणेसोबत आलेलं नव्हतं. हा फरक नोंदवायलाच हवा. तरी पद्धत शिकण्यासारखी आहे. सख्ख्या चुलत-मामे भावंडांत सरासरी ८५० सेंटिमॉर्गनच्या (सामाईक डीएनए मोजायचं एकक) आसपास डीएनए सामाईक असतो, ज्यांचे खापरपणजोबा एक त्यांच्यात ७० च्या आसपास. असा ७० चा दूरचा धागा पकडून शेकडो, कधी हजारो नावांचा वंशवृक्ष उभा करायचा आणि मग कुठली फांदी अचानक तुटते, म्हणजे कोणाच्या नोंदी एकाएकी थांबतात, ते बघायचं. पण त्या वृक्षातली बहुतेक माणसं जिवंत असतात आणि त्यांनी या प्रकरणाचं नावही ऐकलेलं नसतं. म्हणून हा वृक्ष कधीही जाहीर व्हायला नको.

जुळणी सापडली आहे असं वाटलं तर काय करायचं? एक पानी टिपण. दोन्ही प्रकरणांचे अधिकृत क्रमांक सर्वांत वर. त्याखाली आधी न जुळणाऱ्या गोष्टी, मग जुळणाऱ्या, प्रत्येकीपुढे मूळ स्रोत. शेवटी सर्वांत स्वस्तात शहानिशा कशी होईल ते: दातांचे एक्स-रे दोन्ही बाजूंना असतील तर तेच आधी, नाहीतर बोटांचे ठसे, तेही नसतील तर नातेवाइकाचा डीएनए नमुना घेतलाय का हा प्रश्न. टिपण एकदाच पाठवावं, पोच क्रमांक मागावा आणि गप्प बसावं. तेच टिपण पाच ठिकाणी पाठवलं तर पाच अधिकाऱ्यांचा वेळ जातो. प्रत्यक्ष जागेवर काही दिसलं तर हात लावू नये. लांबून फोटो काढावा, अक्षांश-रेखांश दशांशात पाच घरांपर्यंत टिपावेत, म्हणजे आकडा लिहिण्यातून होणारी चूक मीटरभराच्या आत राहते, आणि आल्या वाटेने मागे फिरावं. कुटुंबाला फोन अजिबात करू नये. पंधरा वर्षं दाराकडे डोळे लावून बसलेल्या आईला ‘तुमची मुलगी सापडली असं वाटतंय’ म्हणायचं आणि महिन्याने ते खोटं ठरायचं, याहून क्रूर गोष्ट या क्षेत्रात दुसरी नाही. आणि चालू प्रकरणात संशयितांची नावं घेऊन जाहिरातींचे पैसे कमावणाऱ्याला शोधक म्हणणं मला मान्य नाही.

एवढी शिस्त मागायची तर समोरूनही काही मिळायला हवं. इंटरपोलची ‘ब्लॅक नोटीस’, म्हणजे अनोळखी मृतदेहाची माहिती मागणारी सूचना, एरवी फक्त पोलिसांत फिरते. मे २०२३ मध्ये नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनीत सापडलेल्या २२ अनोळखी स्त्रियांच्या नोटिशींचा काही भाग ‘आयडेंटिफाय मी’ या मोहिमेत जाहीर केला: ठिकाण, दागिने, कपडे, गोंदण. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पहिली ओळख पटली. १९९२ मध्ये अँटवर्पला सापडलेल्या स्त्रीच्या हातावरचं फुलाचं गोंदण ब्रिटनमधल्या तिच्या घरच्यांनी बातमीत पाहून ओळखलं. एकतीस वर्षं ते गोंदण फायलीत होतं. नंतर मोहिमेत आणखी देश आले आणि प्रकरणं ४६ झाली.

हाच नमुना प्रत्येक तपास यंत्रणेने उचलावा. प्रत्येक जुन्या प्रकरणापुढे दातांचा तक्ता आहे की नाही, डीएनए काढलाय की नाही, वस्तूंचे मापपट्टीसह फोटो, सापडल्याचं नेमकं ठिकाण, सध्या जबाबदार कोण आणि शेवटचा आढावा कधी घेतला, एवढं खुलं हवं. अमेरिकेच्या ‘नेमस’ या राष्ट्रीय नोंदवहीत अनोळखी मृतदेहापुढे आजवर तपासून बाद केलेल्या बेपत्तांची यादी दिसते. ही यादी नसेल तर तेच चुकीचं नाव वर्षानुवर्षं नवे नवे लोक नव्या उत्साहाने सुचवत राहतात आणि अधिकारी वैतागून सगळीच टिपणं वाचायचं सोडून देतो. टिपण पाठवणाऱ्याला ठरलेल्या मुदतीत एका ओळीचं उत्तर मिळावं: बाद, कारण दात, किंवा बाद, कारण डीएनए, किंवा तपासणी चालू. बाद झालेलं नाव त्याच दिवशी यादीत चढावं.